ओटीतला गॅस, रात्रीची ड्युटी आणि बाळाचा विचार

प्रश्न : मी २९ वर्षांची ॲनेस्थेशिया टेक्निशियन आहे. तालुक्याच्या गावातल्या ६० खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्ये सहा वर्षं काम करते. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, एकच आहे, भूल देण्याचं जुनं बॉइल्स मशीन आहे आणि भिंतीवर स्प्लिट एसी. संध्याकाळी डोकं ठणकतं. आठवड्यातून तीन रात्री ऑन-कॉल असते आणि घरी असले तरी झोप लागत नाही. गेल्या वर्षी आठव्या आठवड्यात गर्भपात झाला, चौथ्या दिवशी पुन्हा कामावर होते. सासूबाई म्हणतात, ओटीतल्या गॅसनेच झालं, नोकरी सोड. आता आम्ही पुन्हा बाळाचा विचार करतोय. खरंच गॅसने होतं का? नोकरी सोडू का? आणि हॉस्पिटलला सांगायचं तर कधी सांगू?

उत्तर : गेल्या वर्षीचा गर्भपात नोकरीमुळेच झाला, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते मानू नका. कळून आलेल्या दर शंभर गरोदरपणांतली दहा ते पंधरा पहिल्या काही आठवड्यांतच संपतात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा गर्भातल्या गुणसूत्रांचीच जुळणी चुकलेली असते. शाळेत शिकवणाऱ्या बाईचं असं होतं, उसाच्या फडात राबणारीचं होतं, घरी पाय वर करून बसलेलीचंही होतं. तुमच्या बाबतीत नेमकं कारण काय होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

तरीही सासूबाईंची शंका उडवून लावण्यासारखी नाही. तुम्ही जे ओटीचं वर्णन केलंत, एक खोली, जुनं मशीन, स्प्लिट एसी, ते वाचल्यावर मला पहिल्यांदा त्या खोलीचीच काळजी वाटली.

मी एकतीस वर्षं भूल देते. सुरुवातीची बरीच वर्षं हॅलोथेन या वाफेने भूल देणाऱ्या औषधाची होती. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी हॅलोथेन आणि नायट्रस (नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा गॅस) यांच्या खोलीत रोज उभी असायचे. आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही कुणाला विचारलं नाही. मुलगी सुखरूप झाली. पण ‘मला काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. सीनियर मंडळी नवीन मुलींना हे वाक्य फार सहज ऐकवतात, आणि मला ते ऐकवत नाही. एका बाईच्या नशिबावर दुसरीने निर्णय घेऊ नये. म्हणून आधी अभ्यास काय सांगतात ते बघू.

ही चर्चा सुरू झाली १९६७ साली, सोव्हिएत रशियातून. वैसमन नावाच्या संशोधकाने तिथल्या ३०३ भूलतज्ज्ञांची माहिती गोळा केली. डोकेदुखी, थकवा, चिडचिड या तक्रारी भरपूर निघाल्या. पण सगळ्यांचे डोळे उघडले ते एका आकड्याने : ३१ गरोदरपणांपैकी १८ गर्भपात. तेव्हा ईथर वापरात होतं, तास लांबलचक होते आणि तुलनेसाठी दुसरा गट घेतलेला नव्हता. तरी आकडा इतका मोठा होता की दुर्लक्ष करणं शक्य नव्हतं. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीसाठी अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ओटीत काम करणाऱ्या सुमारे पन्नास हजार लोकांना प्रश्नावली पाठवली होती. तिथेही ओटीतल्या स्त्रियांमध्ये गर्भपात जास्त दिसले. या पाहणीवर टीका झाली, आणि ती रास्त होती. ज्यांना त्रास झाला तेच आवर्जून उत्तर पाठवतात आणि त्यांनाच जुन्या गोष्टी नीट आठवतात.

तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा अभ्यास ओटीतला नाहीच. तो दातांच्या दवाखान्यांतला आहे. अमेरिकेत डेंटिस्ट खुर्चीवरच्या पेशंटला नायट्रस देतात आणि शेजारी असिस्टंट उभी असते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की ज्या असिस्टंट आठवड्याला पाच तास किंवा जास्त नायट्रसमध्ये काम करत आणि जिथे गॅस बाहेर काढायची सोय नव्हती, त्यांना दर महिन्याला दिवस जाण्याची शक्यता इतरांच्या ४१ टक्केच उरली होती. १९९५ मध्ये त्याच गटाच्या पुढच्या अहवालात, सोय नसलेल्या दवाखान्यांत आठवड्याला तीन तास किंवा जास्त नायट्रसमध्ये काम करणाऱ्यांत गर्भपाताचा धोका अडीच पटींहून जास्त आढळला. जिथे वापरलेला गॅस शोषून बाहेर सोडण्याची यंत्रणा होती, तिथे मात्र नायट्रस तितकाच वापरूनही हा फरक दिसला नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. बाईने ओटीत काम करावं की नाही, हा वाद निरर्थक आहे. वापरलेला गॅस खोलीतच राहतो की बाहेर जातो, एवढंच बघायचं. आणि ते तुमच्या हॉस्पिटलला फार कमी पैशांत बदलता येईल.

नायट्रसबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या घरांशी जोडलेली आहे. नायट्रस शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. पेशींची वाढ आणि डीएनए तयार होणं या बी-१२ वर अवलंबून असतं, म्हणजे गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत तर फारच. आता शाकाहारी महाराष्ट्रीय घरात वाढलेल्या मुलीचं बी-१२ मुळातच कमी असणं सर्रास आढळतं. त्यावर रोज थोडा थोडा नायट्रस. तुम्ही मांसाहार करता की नाही हे लिहिलं नाही, तरी या आठवड्यात बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी निघालं तर भरून काढल्यावरच पुढे जा. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करायचं असतं. ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने लगेच सुरू करा. मागच्या गर्भपातामुळे त्या डोस वेगळा सांगतील तर तो घ्या.

आता तुमची खोली.

बॉइल्स मशीनवर बेन सर्किट (मशीनपासून पेशंटपर्यंत गॅस नेणारी एक प्रकारची नळी) असेल, तर मोठ्या माणसाला मिनिटाला सहा-आठ लिटर गॅस जातो. पेशंट त्यातला फार थोडा घेतो. उरलेला सगळा व्हॉल्व्हमधून सुऽऽ करत बाहेर पडतो, आणि तो व्हॉल्व्ह असतो तुमच्या आणि माझ्या नाकापासून दोन फुटांवर. दोन तासांच्या केसमध्ये आठशे-नऊशे लिटर गॅस त्या खोलीत सुटतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. म्हणजे सकाळी नऊच्या केसचा गॅस दुपारच्या केसलाही तिथेच फिरत असतो. ओटीच्या हवेचे जे निकष आपल्याकडे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचने घातलेत, त्यात तासाला किमान २० वेळा हवा बदलावी आणि त्यातली ४ वेळा ती बाहेरची ताजी असावी, असं आहे. स्प्लिट एसीने हे होत नाही. तुमची संध्याकाळची डोकेदुखी मला इथे दिसते. मात्र त्याच दिवशी जेवण तीनला झालेलं असतं, पाणी एक ग्लास प्यायलेलं असतं आणि मास्क आठ तास तोंडावर असतो, हेही विसरू नका.

हे ओळखायची एक साधी पद्धत आहे. तीन आठवडे वहीत रोज तीन गोष्टी लिहा : जनरलच्या (पूर्ण बेशुद्ध करणाऱ्या भुलेच्या) केस किती, स्पायनलच्या (पाठीत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करण्याच्या) किती, डोकं दुखलं का. डोकेदुखी जनरलच्या दिवशीच येत असेल आणि स्पायनलच्या दिवशी नसेल, तर गॅसवर संशय पक्का होतो. दोन्ही दिवशी सारखीच असेल, तर पाणी, जेवण, झोप आणि चष्म्याचा नंबर बघा. एका टेक्निशियन मुलाने माझ्या सांगण्यावरून अशी वही ठेवली होती. त्याचं डोकं बरोबर मंगळवार-शुक्रवार दुखायचं. ते लहान मुलांच्या टॉन्सिलच्या केसचे दिवस होते.

लहान मुलांच्या केस सगळ्यात वाईट. मास्कवर सेव्होफ्लुरेन हे वाफेने भूल देणारं औषध, रडणारं मूल, मास्क नीट बसत नाही, लहान मुलांच्या जॅक्सन-रीस सर्किटची पिशवी मागून उघडी, आणि आपण बाळाच्या तोंडावर वाकलेले. दिवस राहिल्याची शक्यता असेल तेव्हापासून पहिले तीन महिने या केस तुम्ही घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या कुणाला तरी द्याव्यात, आणि भूलतज्ज्ञांनी ते स्वतःहून करावं.

‘मला तर वास येत नाही’ हे वाक्यही कानावर येईल. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९७७ मध्ये मर्यादा सुचवल्या : नायट्रस हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, हॅलोथेनसारखी औषधं २ भाग. ब्रिटनने नायट्रसला १०० आणि आयसोफ्लुरेन या हॅलोथेनच्याच जातीच्या औषधाला ५० भागांपर्यंत मुभा दिली. दोन देशांच्या आकड्यांत इतकी तफावत आहे, कारण अमुक इतक्या गॅसखाली धोका शून्य अशी रेघ कुणालाही आखता आलेली नाही. पण नाक या कामाला उपयोगाचं नाही, यावर दुमत नाही. नायट्रसचा वास जवळपास जाणवतच नाही, आणि हॅलोथेन-आयसोफ्लुरेनचा वास आला म्हणजे हवा केव्हाच त्या २ भागांच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

हॉस्पिटलने काय करावं? पहिलं काम, मशीनच्या व्हॉल्व्हला गॅस गोळा करणारं टोपण आणि तिथून रुंद नळी, जी भिंतीतून बाहेर जाईल. ही नळी ३० मिलिमीटरच्या जोडाची असते. पेशंटच्या सर्किटचे जोड २२ मिलिमीटरचे असतात, त्यामुळे चुकून एकमेकांत बसत नाहीत. नळी दुमडणार नाही अशी ठेवायची, बाहेरचं तोंड खाली वळलेलं आणि जाळी लावलेलं हवं, आणि ते नातेवाईक बसतात त्या बाकाच्या वर उघडू नये. हे वाचून कुणी उत्साहाने व्हॉल्व्हला थेट सक्शनची नळी जोडेल. तसं अजिबात करू नका. सक्शन सर्किटमधला सगळा गॅस ओढून घेईल. उलट बाजूने, नळी दुमडली किंवा आत कचरा अडकला, तर दाब पेशंटच्या फुप्फुसात चढेल. म्हणून मध्ये दाब सोडणारी सोय असलेला जोड लागतो, आणि तो मशीनची सर्व्हिस करणाऱ्या इंजिनिअरकडूनच बसवून घ्यायचा. दुसरं काम, स्प्लिट एसीसोबत ताजी हवा आत आणणारा आणि जुनी बाहेर काढणारा पंखा. पूर्ण नवी हवा-यंत्रणा महाग आहे हे मला माहीत आहे. ती येईपर्यंत एवढं तरी करता येतं.

यापुढचं बरंचसं आपल्या हातात आहे. मास्क तोंडावर बसण्याआधी फ्लोमीटर (गॅसचा प्रवाह सोडणारा आणि मोजणारा भाग) उघडायचा नाही. श्वासनलिकेत नळी टाकताना व्हेपोरायझर (भुलेच्या द्रवाची वाफ करणारं भांडं) नव्हे, गॅसचा फ्लो बंद करायचा. केस संपल्यावर दोन मिनिटं फक्त ऑक्सिजन देऊन मगच सर्किट काढायचं. व्हेपोरायझर भरायचं ते पेशंट आत यायच्या आधी किंवा दिवस संपल्यावर, दार उघडं ठेवून. सोडा लाइमचं सर्कल सर्किट, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून तोच गॅस पुन्हा फिरवणारं, असेल तर फ्लो एक लिटरवर आणता येतो, म्हणजे सांडणारा गॅस सहा-आठ पटींनी कमी होतो आणि आयसोफ्लुरेनची बाटलीही जास्त दिवस पुरते. बाटलीचा हिशेब मालकांना पटकन कळतो. मी एका ठिकाणी सर्कल घ्यायला लावलं ते याच हिशेबाने.

नायट्रसची गरज किती आहे, हाही प्रश्न तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा. मी गेली कित्येक वर्षं हवा आणि ऑक्सिजनवर काम करते आणि मला त्याची उणीव भासलेली नाही. हॅलोथेनचा सुमारे पाचवा भाग यकृतात विघटित व्हायचा. आयसोफ्लुरेनचा फक्त ०.२ टक्का होतो. औषधं सुधारली आहेत, खोल्या मागे राहिल्या आहेत.

ऑपरेशननंतरच्या रिकव्हरीच्या खोलीचीही आठवण ठेवा. जागा होणारा पेशंट अर्धा-पाऊण तास गॅस उच्छ्वासातून बाहेर टाकत असतो, आणि आपण ‘काका, डोळे उघडा’ म्हणत त्याच्या तोंडाजवळ कान नेतो. बाजूला उभं राहा, उशाशी नको. ही गोष्ट सिस्टरनाही सांगा. त्यांना कुणी सांगत नाही.

गॅसपेक्षा सिडेक्स, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायचं द्रावण, जास्त त्रास देतं, असं मी अनेक टेक्निशियनकडून ऐकलंय, आणि ते खरं असू शकतं. उघड्या ट्रेमध्ये ग्लुटराल्डिहाइड, त्यात लॅरिंगोस्कोपची (घशात बघायच्या उपकरणाची) पाती, आणि वर वाकून चिमट्याने काढणं. डोळे चुरचुरणं, घसा, दमा, डोकेदुखी, सगळं यातून येतं. ट्रेला झाकण हवं, हातात नायट्राइलचे मोजे हवेत आणि ट्रे ओटीच्या आत नको. खोली निर्जंतुक करायला फॉर्मेलिनची धुरी (फ्युमिगेशन) अजून होत असेल, तर ती रात्र तुमची नसावी आणि सकाळी खोली उघडून हवा खेळल्यावरच आत जावं.

सी-आर्मबद्दल, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे मशीनबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण हाडांच्या केस असतीलच. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा किरणोत्सर्गाच्या कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप) आहे, आणि गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या महिन्यांत गर्भाला १ मिलिसीव्हर्टच्या वर नको. एप्रन नीट असेल आणि तुम्ही दोन मीटर दूर असाल, तर यापेक्षा फार कमी मात्रा मिळते. अंतर दुप्पट झालं की किरण एक चतुर्थांश होतात. पण मॉनिटरकडे वळताना पाठ सी-आर्मकडे होते आणि एप्रन पुढूनच असतो, हे मी शंभर वेळा पाहिलंय. पूर्ण गोल एप्रन मागा. तो हँगरवर टांगा, घडी घालून कोपऱ्यात टाकलेल्या एप्रनला आतून भेगा जातात. अंगाला लागलेल्या किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज मागा. गरोदर असाल तर पोटाशी, एप्रनच्या आत लावा.

सुई टोचण्याचं थोडक्यात सांगते. हिपॅटायटिस बीची तीन इंजेक्शनं झालीत का आणि त्यानंतर अँटीबॉडी १० च्या वर आहेत का, हे बाळाच्या विचाराआधी बघून घ्या. लस नसलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या पेशंटची सुई लागली तर लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि शक्यतो दोन तासांत एचआयव्ही रोखणारी गोळी सुरू करा. ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. आपल्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार हे उपचार उपलब्ध करून देणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. रविवारी रात्री ती गोळी कुठल्या कपाटात आहे, हे आजच विचारून ठेवा.

आता झोप. तुमच्या पत्रात भर गॅसवर आहे आणि झोपेवर एकच ओळ. मला वाटतं, प्रमाण उलट असायला हवं होतं.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरणाची तुलना दारूशी केली. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस चाचणीत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखा वागला, आणि चोवीस तास जागा राहिलेला ०.१० टक्के असलेल्यासारखा. भारतात गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी आठला कामाला लागून मध्यरात्रीनंतर सिझरला उभी राहिलेली टेक्निशियन या मर्यादेच्या पलीकडे असते, आणि तिच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायची चावी असते.

गॅस आणि ताण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, असं मला वाटतं ते याचसाठी. दमलेला माणूस फ्लो बंद करायला विसरतो. दमलेला माणूस सुईला टोपण लावतो, एप्रन न घालता ‘एकच शॉट आहे’ म्हणून आत उभा राहतो, ॲम्प्युल न वाचता फोडतो. मला स्वतःला सुई टोचली ती पहाटे चारला. दिवसा कधीच टोचली नाही.

भुलेच्या कामाचा ताण बाहेरच्यांना कळत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला आपण बसलेले दिसतो. सर्जनच्या हाताला काम असतं. आपलं काम लक्ष ठेवण्याचं, आणि काही बिघडत नाही तोवर ते कुणाला दिसत नाही. बिघडलं की दोन-तीन मिनिटांचा अवधी असतो. पल्स ऑक्सिमीटरचा सूर उतरायला लागला की माझ्या पोटात आजही गोळा येतो. घरी कुकरची शिट्टी, ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकून दचकणाऱ्या भूलवाल्या बायका मी पाहिल्या आहेत. ऑन-कॉलच्या रात्री फोन आला नाही तरी तुम्हाला झोप लागत नाही, ती याच जातीची गोष्ट आहे. शरीर फोनची वाट बघत जागं राहतं. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. आठवड्यातून तीन रात्री असं जागणाऱ्या कुणाचंही हेच होईल.

एक प्रसंग सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका हॉस्पिटलमध्ये, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना म्हणून एक तेवीस वर्षांची मुलगी टेबलावर आली. रक्त वेळेत मिळालं नाही. ती गेली. तिच्या आईचा आवाज मला अजून आठवतो. चाळीस मिनिटांनी त्याच टेबलावर हर्नियाची केस घेतली, भूल मीच दिली. ‘तू ठीक आहेस का’ असं मला कुणी विचारलं नाही. ओटीतल्या मावशींनी तेवढा चहाचा कप हातात दिला आणि माझ्याजवळ उभ्या राहिल्या. त्यानंतर कितीतरी महिने सिझरच्या आधी माझे हात थरथरायचे, आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही. अशा घटनेत पेशंटबरोबर उपचार करणाराही मोडतो, हे आता वैद्यकीय लिखाणात मान्य झालंय. आम्हाला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. असं काही घडलं तर त्या दिवशीची पुढची केस दुसऱ्याने घ्यावी आणि आठवडाभरात सगळ्यांनी बसून बोलावं. दोष शोधण्यासाठी नव्हे, काय काय घडलं ते एकदा मोकळेपणाने सांगण्यासाठी. माझ्या टीममध्ये मी हे गेली बारा वर्षं करते आहे.

आपल्या पेशात झोपेची आणि वेदनाशामक औषधं हाताशी असतात. सततच्या जागरणात कुणाचा तरी हात तिकडे वळतो. ॲम्प्युलचा हिशेब जुळत नाही, माणूस एकटा राहू लागतो, स्वतःहून जास्तीच्या ड्युट्या मागतो, ही लक्षणं सहकाऱ्यात दिसली तर गप्प बसू नका. रागावू नका, तक्रारही पहिल्यांदा करू नका. त्याच्या बरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. स्वतःच्या मनात जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मिळते, मराठीतून बोलता येतं. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण हे वाचणारी दुसरी कुणी असेल.

चौथ्या दिवशी कामावर आलात, असं तुम्ही लिहिलंत. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींत गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आधीच्या वर्षात ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, आणि तुमची तर सहा वर्षं झालीत. ती तुमच्या हक्काची रजा होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बाळंतपणाला २६ आठवडे आहेत. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर पैसे तिथून मिळतात.

नोकरी सोडू का, या प्रश्नाचं माझं उत्तर : आत्ता नको. आधी खोली आणि तास बदलायला सांगा. तीन महिन्यांत हॉस्पिटलने नळी बसवली नाही, ताज्या हवेची सोय केली नाही आणि जनरलच्या केसमधून तुम्हाला सूटही दिली नाही, तर मी तुमच्या जागी असते तर त्या ओटीत गरोदर राहिले नसते. बदली मागितली असती, नाहीतर दुसरं हॉस्पिटल बघितलं असतं. अनुभवी टेक्निशियन सगळीकडे हव्या आहेत. तोवर तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिने थांबणं शक्य असेल तर थांबा. सासूबाईंना हा मधला मार्ग समजावून सांगा. त्यांची काळजी खरी आहे, त्यांना बाजूला ठेवू नका. शक्य असेल तर एकदा त्यांना ती नवीन नळी बसवलेली दाखवा.

हॉस्पिटलला कधी सांगायचं? दिवस राहायच्या आधी. गर्भाचे अवयव ज्या आठवड्यांत तयार होतात, त्या आठवड्यांत पुष्कळ बायकांना आपण गरोदर आहोत हेच नुकतं कळलेलं असतं. तेव्हा अर्ज लिहून, सही-शिक्क्याची प्रत घ्यायला फार उशीर होतो. तोंडी सांगू नका, लेखी द्या. आधी तुमच्या भूलतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांची सही शेजारी घ्या, त्यांनाही तीच हवा मिळते. अर्ज साधारण असा लिहा :

‘मा. व्यवस्थापक, मी आपल्या शस्त्रक्रियागृहात सहा वर्षं ॲनेस्थेशिया टेक्निशियन म्हणून काम करते. मशीनमधून बाहेर पडणारा भुलेचा गॅस खोलीबाहेर नेण्याची सोय आणि ताज्या हवेचा पंखा बसवावा, ही विनंती. ही सोय होईपर्यंत, आणि गरोदरपणाच्या काळात, मला लहान मुलांच्या मास्कवरच्या केस व सी-आर्मच्या केसऐवजी स्पायनलच्या केस आणि प्री-ॲनेस्थेटिक तपासणीचं काम द्यावं. रात्रीची ऑन-कॉल आठवड्याला एकवर आणावी आणि रात्रभर काम झाल्यास दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळावी. मला टीएलडी बॅज आणि हिपॅटायटिस बी अँटीबॉडीची तपासणी हॉस्पिटलतर्फे उपलब्ध करून द्यावी.’

तारीख घाला, पोच घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. तीन आठवड्यांच्या वहीत काय निघालं, ते मला नक्की कळवा.